पांढरीवर नवी शाळा बांधण्याआधी पुरातत्त्वीय तपासणी बंधनकारक आहे का?

आपण विचारले आहे की, गावाच्या जुन्या पांढरीवर, म्हणजे पूर्वीच्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर, शाळेची नवी इमारत बांधायची असेल तर आधी पुरातत्त्वीय तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे काय, आणि त्यात किती काळ जातो. जागा संरक्षित म्हणून घोषित नसेल तर सहसा कोणी आपल्याला अडवणार नाही. केंद्राच्या संरक्षित स्थळापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. परंतु महाराष्ट्रातल्या बहुतेक पांढरी कोणत्याही यादीत नाहीत. तरीही तपासणी करून घ्या, असे मी आग्रहाने सांगतो, कारण आमच्या गावात ती झाली नाही.

आमचे गाव प्रवरेकाठी आहे. याच खोऱ्यात प्राचीन वस्त्यांचे अवशेष मिळालेले जोर्वे आहे, नेवासे आहे, आणि जिथे 1974 साली एका शेतकऱ्याला धातूचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी साठ किलोंहून अधिक वजनाची ओतीव शिल्पे सापडली, ते दायमाबादही आहे. आपल्या पायाखाली काय असू शकते, हे आमच्या गावाला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये.

मी तेव्हा त्याच शाळेत शिक्षक होतो. फेब्रुवारीत पायाचे चर खोदले गेले आणि एका सकाळी, छातीइतक्या खोल चराच्या भिंतीत मला एक गोल कड दिसली. खाली उतरून बोटांनी माती झाडली, तेव्हा लक्षात आले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आहेत. कुदळीच्या घावाने एकाचे बूड फुटले होते आणि आतल्या मातीत तांदळाच्या दाण्याएवढे दात दिसत होते. शेजारी लाल रंगावर काळ्या रेघा काढलेले तोटीचे लहान भांडे होते. टिचकी मारली की ते खणकन वाजे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या प्राचीन वस्तीच्या उत्खननात अशीच बालदफने घरांच्या जमिनीखाली मिळाली आहेत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांनी आपले गेलेले लेकरू घरातच ठेवून घेतले होते.

मी चार दिवस मागितले. इमारत समितीचा अध्यक्ष माझा थोरला चुलतभाऊ होता. तो म्हणाला, "मार्चअखेर निधी परत गेला तर पोरांना झाडाखाली तू बसवणार आहेस का?" संध्याकाळपर्यंत चरात काँक्रीट पडले. उकरलेली माती, पांढरीची माती खत म्हणून नेतात तशी, ट्रॉलीतून कोणाच्या तरी उसात गेली आणि ते भांडेही तिच्याबरोबर गेले.

शाळा मोठी की खापरे मोठी, असा प्रश्न भाऊ आजही विचारतो. हा प्रश्नच चुकीचा आहे. पांढर म्हणजे राख, शेण, उकिरडा आणि पडक्या भिंतींच्या मातीचे थर; इमारतीच्या भाराखाली ती खचते. पश्चिमेच्या दोन वर्गांच्या भिंतींना तडे गेले असून त्यातला एक वर्ग कुलूपबंद आहे. साठ पावलांवर पूर्वेला पक्का मुरूम होता. जाणकाराने एक दिवस पांढरीवर फिरून खापरे पाहिली असती, तर इमारत तिकडे सरकली असती आणि मुलांचा एक दिवसही बुडाला नसता.

म्हणून नकाशा मंजूर होण्याआधीच राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला आणि पुरातत्त्वाचे संशोधन करणाऱ्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पत्र लिहा. पृष्ठभागाची पाहणी एक-दोन दिवसांत होते. पायाच्या जागेत चाचणी खड्डा घ्यायचा ठरला तर काही आठवडे धरावेत. उत्खननाच्या परवान्याला लागणारा काळ यात धरलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. मी पुरातत्त्वज्ञ नाही, आणि आपणही स्वतः कुदळ घेऊन उकरू नये. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

आणखी एक करा. आपली मागणी ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. माझी मागणी तोंडी होती, आणि मी काम थांबवायला कधी सांगितलेच नव्हते, असे माझा भाऊ आता चारचौघांत सांगतो. मी सांगितले होते. चराच्या काठावर उभे राहून, गवंड्यांच्या देखत, चार दिवस मागितले होते.