गावाचा रेडिओ कशासाठी?

प्रश्न : आमच्या दुष्काळी भागात महिलांचे बचत गट अनेक वर्षांपासून कार्यरत आहेत. सामुदायिक रेडिओ केंद्र, म्हणजे स्थानिक लोकांनीच आपल्या परिसरासाठी चालवायचे छोटे रेडिओ केंद्र, काढावे, असा विषय बैठकीत निघाला आहे. घरोघरी मोबाइल असताना अशा केंद्राचा उपयोग होईल का आणि आम्हाला ते काढता येईल का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : आपण एकदा सातारा जिल्ह्यातील म्हसवडला जाऊन यावे. तेथे ग्रामीण महिलांसाठी काम करणाऱ्या माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे ९०.४ मेगाहर्ट्झवरील केंद्र सुरू केले. मोबाइलवर माहिती उदंड मिळते हे खरे. पण आपल्या शिवारात पाऊस लांबल्यावर बाजरीची दुबार पेरणी करावी की नाही, शेळ्यांना लस टोचायला पशुवैद्य कोणत्या वाडीत कधी येणार, हे आपल्याच बोलीत सांगणारे मोबाइलवर कोणी नसते. शिवाय रेडिओ ऐकताना हात मोकळे राहतात, त्यामुळे भाकरी थापणारी किंवा खुरपणी करणारी बाईही तो ऐकू शकते. संस्कृतीचेही तसेच आहे. जात्यावरच्या ओव्या आणि धनगरी ओव्या ज्यांच्या तोंडी आहेत, त्या वृद्धांना स्टुडिओत न बोलावता त्यांच्या ओसरीवर जाऊन ध्वनिमुद्रण करावे. ओवीमागची हकिकतही त्यांच्याच तोंडून घ्यावी, कारण नात्यागोत्याचे, शेताचे आणि सासुरवासाचे तपशील त्या हकिकतीतच असतात.

असे केंद्र काढण्याचा हक्क सहज मिळालेला नाही. प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला; त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तरीही २००२ च्या धोरणाने परवानगी दिली ती केवळ शिक्षणसंस्थांना, आणि स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रे यांच्यासाठी दार उघडायला २००६ साल उजाडले. व्यक्तीला किंवा नोंदणी नसलेल्या गटाला परवाना मिळत नाही. आपल्या गटांची किमान तीन वर्षे जुनी नोंदणीकृत संस्था असेल, तर तिच्या नावाने केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करावा. प्रक्षेपणाची शक्ती साधारणपणे १०० वॉटपर्यंत मर्यादित असते, म्हणून डोंगर आड येणार नाही अशी जागा आधी पाहावी. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, अशी अट आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार सल्लागार व आशय समितीत निम्म्या महिला हव्यात. आपल्याला ती अट मुळीच जड जाणार नाही.

एक बंधन मात्र मला अन्यायकारक वाटते. हवामान, बाजारभाव, स्थानिक कार्यक्रम यांची माहिती देता येते. पण केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्याच जशाच्या तशा ऐकवाव्या लागतात. टँकर का आला नाही, हे विचारण्याची गरज ज्या गावाला सर्वाधिक आहे, त्याच्याच रेडिओवर ही बंदी असावी, हे पटत नाही.

यंत्रे देणगीतून उभी राहतील. खरी ओढाताण होते ती वीजबिल, दुरुस्ती आणि मानधन यांची. जाहिरातींना आता तासाला १२ मिनिटांची मुभा आहे, तरी आडगावात जाहिरातदार थोडेच. त्यामुळे निदान दोन वर्षांच्या चालू खर्चाची तजवीज झाल्यावरच अर्ज करावा. तोवर गटातील चारपाच मुलींनी मोबाइलवरच ध्वनिमुद्रण आणि संपादन शिकून घ्यावे.