कारण : व्हायरल ताप

अगं,

एरवी तुला 'बाळा' म्हणते. आज तो शब्द लिहिताना हात अडखळला.

तुझा अर्ज टेबलावर आलाय. 'व्हायरल ताप, चार दिवस.' माझ्या अर्जावर कावीळ होती. पाचवा महिना होता, सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत. आठव्या दिवशी मी ऑफिसात हजर. कुणी उसाचा रस आणला, कुणी मुळा खा म्हणालं. मी रस पीत होते आणि ब्लाउजच्या आत दूध झिरपत होतं. बाळ गेलं तरी दूध येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवसभर पदर घट्ट ओढून बसले. माझी विचारपूस सगळ्यांनी केली, पण काविळीची.

तेव्हा तो अर्ज मागे घे. 26 आठवड्यांच्या आत गर्भ गेला तर सहा आठवड्यांची पगारी रजा 1961च्या प्रसूती लाभ कायद्यापासून आहे, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कुणाची मेहेरबानी नाही ती. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोड. त्यातून दुखणं उरलंच, तर डॉक्टरांच्या कागदावर आणखी महिनाभर मिळते. एचआरमधला मुलगा अर्ज वाचून लाजेल. लाजू दे.

परवाच झालंय म्हणून विचारते, रक्तगट निगेटिव्ह आहे का? असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन दिलंय ना, आजच बघ. ते 72 तासांत द्यायचं असतं.

'लोकलच्या गर्दीत जायला नको होतं' असं घरात कुणीतरी म्हणेलच. तुझा दहावा आठवडा होता. इतक्या लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषामुळे पडतात. तो दोष बहुधा गर्भ राहतानाच असतो. त्यात लोकलचा काय संबंध? मी मात्र कितीतरी वर्षं त्या दिवशी उचललेल्या पाण्याच्या कळशीला दोष देत राहिले.

आता तुझा चार वर्षांचा. 'बाळ झोपलं' असं त्याला सांगू नकोस, रात्री झोपायला घाबरेल. बाळ पोटात वाढू शकलं नाही, मेलं, असंच सांग. 'मला बहीण नको' म्हणत होता ना तो? मग 'तू म्हणालास म्हणून नाही हं झालं' हे त्याने विचारायची वाट न बघता सांग. माझ्या थोरलीने मला ते नववीत असताना विचारलं.

नवऱ्याला कायद्याने एकही दिवस नाही. तो दुसऱ्याच दिवशी कामावर गेला म्हणून त्याला काही वाटत नाही असं धरू नकोस. रात्री भांडी घासताना नळ जरा जास्तच वेळ सोडून ठेवत असेल, तर जवळ जाऊन उभी राहा.

पुढच्या शुक्रवारी अकाउंट्समध्ये डोहाळजेवण आहे. तू रजेवरच असशील. पाकिटावर तुझं नाव घालते, पैसे नंतर दे.

नवा अर्ज पाठव. सही करायला थांबलेय.

तुझी
मॅडम