2015 मध्ये लाचखोरीच्या आरोपांवरून झालेल्या अटकसत्रानंतर फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, खरंच सुधारली का? आणि आपल्यासारख्या साध्या फुटबॉलवेड्यांनी याबाबत काय करायचं?

नाही सुधारली. माणसं बदलली, काही नियम चांगले आले. पण मत कोणाच्या हातात आहे आणि त्या हातावर पैसा कोण ठेवतो, ते जसंच्या तसं आहे.

मी कोपरखैरणेतल्या एका छोट्या क्लबचा सात वर्षं सचिव होतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर झुरिकपासून, म्हणजे फिफाच्या मुख्यालयापासून, सुरू करायला हवं हे मला कळतं, पण मला हे प्रकरण कळलं ते एका टेम्पोमुळे, म्हणून तिथूनच सांगतो.

आमचा क्लब म्हणजे माथाडी कामगारांची पोरं. माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात, बाकीच्यांचे मसाल्यात नाहीतर धान्यात. सेक्टरमधल्या मोकळ्या प्लॉटवर दगड वेचून आम्ही मैदान केलं होतं. क्लबचे अध्यक्ष आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे मालक. स्वतः उत्तम बॅक होते. पोरांना चालताना पाहूनच कोण कुठे खेळेल हे सांगायचे. त्यांच्याबद्दल पुढे जे लिहिणार आहे त्याआधी हे लिहिणं भाग आहे.

2011 चा जून. आम्ही ज्या स्थानिक संघटनेशी संलग्न होतो तिची निवडणूक आठ दिवसांवर आली होती. संध्याकाळी प्रॅक्टिस चालू असताना टेम्पो आला. बारा नवे बॉल, गोलच्या नेटच्या दोन जोड्या, तीस जर्स्या. जर्सीवर छातीशी संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षांचं नाव. सोबतच्या माणसाने वही पुढे केली, दाजींनी सही केली. पोरं तर नाचत होती. आमच्याकडे तोवर तीन बॉल होते आणि त्यातल्या एकाची शिवण मी स्वतः दाभणाने घातली होती.

त्याच दिवसांत पेपरात एक बातमी गाजत होती. फिफाच्या अध्यक्षपदासाठी तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लॅटर यांच्यासमोर उभे राहिलेले कतारचे मोहम्मद बिन हम्माम मे महिन्यात त्रिनिदादला गेले होते. तिथल्या हॉटेलात कॅरिबियन संघटनांच्या प्रतिनिधींना बोलावून प्रत्येकाला 40,000 डॉलरचं पाकीट दिल्याचा आरोप झाला. तेव्हाच्या भावाने अठरा लाख रुपये. बहामाच्या संघटनेचे उपाध्यक्ष फ्रेड लन यांनी त्या नोटांचा फोटो काढला आणि पैसे परत केले. त्या फोटोमुळे गोष्ट बाहेर आली. बिन हम्माम यांनी माघार घेतली आणि 1 जूनला ब्लॅटर बिनविरोध निवडून आले.

मी तो पेपर दाजींसमोर ठेवला. म्हटलं, दाजी, टेम्पो परत पाठवू. ते म्हणाले, "चाळीस हजार डॉलर कुठे आणि बारा बॉल कुठे? हे काय मी घरी नेणारे का? पोरांचं भलं होतंय ना?"

याला उत्तर द्यायला मला पुढची कित्येक वर्षं लागली.

सभा ठाण्यात एका हॉलमध्ये झाली. मतदार यादी वाचली गेली तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्याबरोबर किती क्लब संलग्न आहेत. त्यातले बरेच मी कधी मैदानावर पाहिलेलेच नव्हते. एकाचा पत्ता मला माहीत होता, तिथे झेरॉक्सचं दुकान होतं. मी उभा राहून दोनच गोष्टी विचारल्या. गेल्या तीन वर्षांच्या एंट्री फीचा हिशेब कुठे आहे, आणि या क्लबांनी गेल्या मोसमात किती सामने खेळले. उत्तर मिळालं, हिशेब पुढच्या सभेत. मग हात वर करून मतदान. गुप्त नाही, हात वर करून, आणि समोर बसलेला माणूस ज्याने आठ दिवसांपूर्वी टेम्पो पाठवला तो. क्लबचं प्रतिनिधीपत्र दाजींच्या नावाने होतं. त्यांनी हात वर केला. मी शेजारी बसून होतो.

पुढच्या मोसमात आमच्या क्लबचे रजिस्ट्रेशनचे फॉर्म संघटनेकडे "मिळालेच नाहीत". मी स्वतः नेऊन दिले होते, एकोणीस पोरांचे, फोटो चिकटवून, जन्मदाखल्यांसकट. पोच घेतली नव्हती. एकोणीस पोरं त्या वर्षी एकही अधिकृत सामना खेळली नाहीत. आमचा गोलकीपर पंधरा वर्षांखालच्या गटात शेवटच्या वर्षात होता. त्याच वर्षी निवड चाचणी होती. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. दहावी झाल्यावर तुर्भ्याच्या गोदामात कामाला लागला. त्याच्यासारखा हात घालणारा पोरगा मी नंतर पाहिला नाही.

दाजींचं म्हणणं आजही तेच आहे. मी तोंड उघडलं म्हणून पोरांचं वर्ष गेलं.

आता फिफाकडे येतो, कारण तिथेही हेच घडलंय, फक्त आकडे मोठे. 27 मे 2015 च्या पहाटे झुरिकच्या बाउर ओ लाक हॉटेलातून सात पदाधिकारी उचलले गेले. अमेरिकेने चौदा जणांवर आरोप ठेवले, चोवीस वर्षांतली 15 कोटी डॉलरहून जास्त लाच. बहुतेक पैसा टीव्हीच्या आणि जाहिरातीच्या हक्कांतला. त्यानंतर दोनच दिवसांनी ब्लॅटर पुन्हा निवडून आले आणि चार दिवसांत पद सोडतो म्हणाले. 2016 मध्ये सुधारणा आल्या. जुनी कार्यकारी समिती गेली, 37 जणांचं कौन्सिल आलं, त्यात किमान सहा महिला. अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षं. पगार जाहीर करायचे. वर्ल्ड कप कुठे खेळवायचा हे बंद खोलीतल्या बावीस-चोवीस जणांनी न ठरवता सगळ्या सदस्य संघटनांनी (आता 211) ठरवायचं, हे तर त्याआधी 2011 मध्येच ठरलं होतं. हे सगळं चांगलंच आहे. 2018 मध्ये त्या पद्धतीने मतदान झालं, अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोला 134 मतं आणि मोरोक्कोला 65, आणि कोणी कोणाला मत दिलं हे जगाला दिसलं.

पण त्याच 2016 च्या निवडणुकीत अध्यक्षपदाचे उमेदवार जियानी इन्फान्तिनो भाषणात सदस्यांना काय म्हणाले? की फिफाचा पैसा हा तुमचा पैसा आहे. सभागृहात टाळ्या पडल्या. मी ते भाषण पाहताना उठून उभा राहिलो होतो. मला आमचा टेम्पो दिसला. निवडून आल्यावर विकासनिधी वाढला, आणि 2023 ते 2026 या काळासाठी प्रत्येक सदस्य संघटनेला 80 लाख डॉलरपर्यंत मिळायची सोय आहे. हे पाकीट नाही, हा रीतसर निधी आहे, कागदोपत्री आहे. ब्राझीलचं एक मत आणि काही हजार वस्तीच्या बेटाचंही एक मत. त्या बेटाच्या संघटनेचं अख्खं वर्ष या निधीवर चालतं. तिथला अध्यक्ष हात कोणाच्या बाजूने वर करणार?

2019 आणि 2023, दोन्ही वेळा इन्फान्तिनोंसमोर कोणी उभंच राहिलं नाही. टाळ्यांच्या गजरात निवड. बारा वर्षांची मर्यादा होती ना? तर 2022 मध्ये कौन्सिलने ठरवलं की 2016 ते 2019 हा काळ पूर्ण कार्यकाळ नव्हता, तो धरायचा नाही. म्हणजे 2031 पर्यंत वाट मोकळी. 2017 मध्ये गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या फिफाच्या नीतिसमितीचे दोन्ही प्रमुख, बोर्बेली आणि एकर्ट, यांना पुन्हा नेमलंच नाही, शेकडो प्रकरणं हातात असताना. आणि 211 जणांनी यजमान ठरवायचा तो नियम? 2034 साठी सौदी अरेबिया एकटाच दावेदार होता, डिसेंबर 2024 मध्ये तीही निवड टाळ्यांनी झाली.

आपल्याकडचं 2022 आठवत असेल. भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांची मुदत 2020 च्या डिसेंबरात संपूनही निवडणूक झाली नव्हती. सुप्रीम कोर्टाने प्रशासक समिती बसवली, समितीने राज्य संघटनांच्या 36 मतांबरोबर 36 माजी खेळाडूंनाही मत द्यायचा प्रस्ताव ठेवला. ऑगस्टच्या मध्यावर फिफाने बाहेरचा हस्तक्षेप म्हणून भारताला निलंबित केलं. गोकुलम केरळ क्लबच्या मुली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या होत्या. त्यांना न खेळता परत यावं लागलं. 26 ऑगस्टला बंदी उठली, तोवर समिती गेली होती आणि खेळाडूंची मतंही गेली होती. सप्टेंबरात निवडणूक झाली, भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया 33 विरुद्ध 1 असा हरला. कोणी मत विकलं असं मी म्हणत नाही. ज्याच्यासाठी देश रात्री जागायचा त्याला एक मत पडतं, एवढंच सांगतो, कारण मतदान करणाऱ्या यादीत खेळणारे नव्हतेच.

त्या ऑगस्टात दाजींचा फोन आला होता. "बघ, कोर्टात गेले म्हणून पोरींचं नुकसान झालं."

मी तेव्हा फोन ठेवला, पण आता लिहितो. दाजी, पोरींना कोर्टाने नाही थांबवलं. पोरांना मी नाही थांबवलं. फॉर्म ज्याने दाबले त्याने थांबवलं. खेळाडूंना पुढे करून, "आम्हाला जाब विचाराल तर हे खेळणार नाहीत" असं सांगणं हीच या लोकांची सगळ्यात जुनी पद्धत आहे, आणि आपण घरातच एकमेकांना दोष देत बसलो तर ती चालतच राहणार. बारा बॉल आणि चाळीस हजार डॉलर यांत फरक आहेच. पण बॉल पोरांचे हक्काचे होते. ते दर वर्षी, सगळ्यांना, यादी लावून मिळायला हवे होते. निवडणुकीच्या आठ दिवस आधी, नाव छापून नाही. आपलाच हक्क आपल्याला उपकार म्हणून मिळाला आणि आपण त्यावर सही केली.

2022 च्याच 30 ऑक्टोबरला नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मुलींच्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपची फायनल झाली. दाजी, मी आणि माझी मुलगी गेलो होतो. स्पेन जिंकलं, कोलंबियाच्या स्वयंगोलवर, 1-0. दाजी दोन तास माझ्या मुलीला बचावफळी कशी सरकते ते समजावत होते. त्या दिवशी आम्ही भांडलो नाही.

काय करायचं, हे विचारलंत. फिफाचं तुम्ही-मी काही करू शकत नाही. स्पर्धेवर बहिष्काराच्या हाका मला पटत नाहीत, त्याने झुरिकला काही कळतही नाही. पण तुमच्या मुलाचा क्लब ज्या संघटनेशी जोडलेला आहे तिची मतदार यादी मागा. महाराष्ट्रात अशा बहुतेक संस्था न्यास म्हणून नोंदलेल्या असतात, त्यांचे ऑडिट झालेले हिशेब आणि कार्यकारिणीतले बदल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करावे लागतात. अर्ज करून नकला मिळतात. मी 2014 मध्ये काढल्या. हेलपाटे पडतात, पण मिळतात. यादीतल्या प्रत्येक क्लबने गेल्या वर्षी किती सामने खेळले एवढं एकच विचारा. न खेळणाऱ्या क्लबला मत नाही, हा एक नियम आला तरी अर्धी लढाई झाली. आणि मतदान गुप्त हवं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ब्लॅटर आणि युरोपच्या फुटबॉल संघटनेचे माजी अध्यक्ष मिशेल प्लातिनी यांना, फिफाने प्लातिनींना दिलेल्या 20 लाख फ्रँकच्या प्रकरणात स्वित्झर्लंडच्या कोर्टांनी 2022 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये निर्दोष सोडलंय. फिफाच्या निधीचं ऑडिट होतं आणि त्यातून खरीखुरी मैदानं उभी राहिलीत. आपल्या महासंघाची नवी घटना सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने मंजूर केली, तिच्यात माजी खेळाडूंना स्थान आहे. आमच्या त्या संघटनेतही आता दुसरी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आणि फॉर्म देताना दोन प्रती न्या. दुसरीवर तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "आपलीच माणसं आहेत, पोच कशाला" असं घरचं कोणी म्हणालं तरीही.