एमआरसीपी : वीस सेकंदांची की पाच मिनिटांची?

प्रश्न : आईच्या पित्तनलिकेत खडा असल्याची शंका असल्याने डॉक्टरांनी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांची एमआरआय तपासणी, सांगितली आहे. एका केंद्रावर मुख्य चित्रण वीस सेकंदांत, एकदाच श्वास रोखून होईल म्हणतात. दुसरीकडे त्यालाच पाच मिनिटे. झटपट तपासणीत खडा सुटेल का?

उत्तर : यंत्र किती वेगवान आहे हे नंतर पाहू, आई श्वास किती वेळ रोखू शकतात, ते आधी पाहा.

एमआरसीपीत साचलेला द्रव पांढरा दिसतो आणि बाकीचे पोट जवळजवळ काळे. खडा म्हणजे पांढऱ्या नळीतला काळा डाग. नेहमीच्या पाच मिनिटांच्या त्रिमितीय पद्धतीत रुग्ण श्वास घेत राहतो. उच्छ्वासाच्या शेवटी पोट क्षणभर स्थिरावते, तेवढ्यात यंत्र थोडी माहिती टिपते आणि पुढच्या श्वासाची वाट पाहते. लय बिघडली, डुलकी लागली, की पाच मिनिटांची आठ होतात आणि नलिकांच्या कडा पुसट येतात.

वीस सेकंदांच्या झटपट पद्धतीत, म्हणजे कॉम्प्रेस्ड सेन्सिंगमध्ये, माहितीचा थोडाच भाग, मुद्दाम विखुरलेल्या क्रमाने घेतात. उरलेला भाग संगणक पुन्हापुन्हा गणित करून भरून काढतो. एमआरसीपीला हे चांगले मानवते, कारण चित्रात पांढरे फारच थोडे असते. मात्र संकेत कमी मिळाल्याने यकृतातल्या बारीक शाखा फिक्या पडतात. 3 टेस्लापेक्षा 1.5 टेस्लाच्या, म्हणजे कमी ताकदीच्या चुंबकाच्या, यंत्रावर हे अधिक जाणवते. 'ग्रेज' नावाची दुसरी पद्धतही एका श्वासात होते, पण आतड्यातला वायू किंवा जुन्या शस्त्रक्रियेची क्लिप जवळ असेल तर तिथले चित्र बिघडते.

म्हणून आईंकडून घरी सराव करून घ्या. आडवे पडून, श्वास सहज बाहेर सोडून वीस सेकंद थांबायचे. श्वास भरून घेऊन नव्हे. उच्छ्वासानंतर यकृत दर वेळी साधारण त्याच जागी येते. जमले तर झटपट पद्धत उत्तमच. दहाव्या सेकंदाला धाप लागत असेल तर पाच मिनिटांचीच घ्या. आधी झटपट करून चित्र हललेले आले तरच दुसरी करावी, हा क्रम आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटतो.

मुख्य नलिकेतला ठळक खडा दोन्हींत दिसतो. तीनेक मिलिमीटरपेक्षा लहान खडा मात्र दोन्हींत सुटू शकतो. शंका दाट असेल तर डॉक्टर एन्डोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) सुचवतात. शिवाय अहवालासोबतचे ते देखणे, फिरवता येणारे एकत्रित चित्र पाहून निर्धास्त होऊ नका : त्यात पांढऱ्या पित्ताआड लहान खडा लपतो. निदान पातळ मूळ काप पाहूनच करायचे असते. हवेचे बुडबुडेही काळेच दिसतात. उताण्या रुग्णात ते वर तरंगतात, खडे बहुधा तळाशी बसतात.

प्रश्न : उपाशीपोटी का बोलावतात? पाणीही नको?

उत्तर : जठरातले आणि लहान आतड्यातले पाणीही पित्तासारखेच पांढरे चमकते आणि चित्रात नलिकेला झाकून टाकते. चार ते सहा तास उपाशी राहिल्यास पित्ताशयही भरलेले राहते. काही केंद्रे तपासणीपूर्वी अननसाचा रस देतात : त्यातल्या मँगनीजमुळे जठरातला द्रव काळा पडतो. रोजच्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत बहुधा चालतात; मधुमेहाची औषधे मात्र डॉक्टरांना विचारूनच.