खाऱ्या हवेत बेसच्या तारा

प्रश्न: दादा, घर मालवणात, अगदी किनाऱ्याला लागून. बेस गिटारच्या तारा दोन महिन्यांत काळ्या पडतात, आवाज दबका येतो. आई म्हणते खोबरेल लाव. लावू का?
– एक वाचक

उत्तर: खोबरेल अजिबात नको रे. बेसची तार म्हणजे आत एक सरळ तार आणि तिच्यावर बारीक तारेचे वेढे, त्या वेढ्यांच्या फटीत घाम, मळ आणि आपल्याकडची खारी हवा साचते म्हणून आवाज दबतो, वर तेल गेलं की तो मळ आणखीनच घट्ट बसतो. वाजवून झालं की लगेच सुती कपड्याने पुसायच्या, कपडा तारेखालून पण फिरव, लोक तेच विसरतात. फारच काळ्या झाल्या तर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडव, पुसून पूर्ण सुकव, मग चढव, आवाज बराच उघडतो. पण गंज चढलेली तार सरळ बदल, ती फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, झिजवते.

फ्रेटबोर्ड, म्हणजे त्या पट्ट्या बसवलेली लाकडी फळी, शिसवी म्हणजे रोझवूडचा असेल तर वर्षातून एकदोनदा मिनरल ऑइलचे दोनचार थेंब चोळ, पाच मिनिटांनी जास्तीचं पुसून घे. पॉलिश केलेल्या मेपल लाकडाच्या फ्रेटबोर्डला तेल नकोच, नुसता ओलसर कपडा पुरे. आणि पावसाळ्यात गिटारच्या पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवच.