'डॉन्टिंग' या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कुठून?

'डॉन्टिंग' म्हणजे पाहताच हिंमत खचवणारं, दडपण आणणारं. क्रियापद 'डॉन्ट', स्पेलिंग डी-ए-यू-एन-टी. नकारार्थी 'डोन्ट'शी त्याचा संबंध नाही. मूळ लॅटिन 'डोमारे', म्हणजे जनावर माणसाळवणं, काबूत आणणं. जुन्या फ्रेंचमार्गे ते १३००च्या सुमारास इंग्रजीत आलं. तेव्हा अर्थ 'नमवणं' होता, घाबरवण्याची छटा नंतरची. आपल्या 'दमन'मधला संस्कृत 'दम्' धातू याच कुळातला, म्हणून अर्थ लगेच मनात बसतो!

मात्र प्रत्येक भीतीला हा शब्द चालत नाही. त्र्यंबकजवळच्या हरिहरगडाच्या उभ्या कातळपायऱ्या खालून पाहून जीव दडपतो, ते 'डॉन्टिंग'. त्याच पायरीवर अचानक साप दिसला, तर 'स्केअरी' किंवा 'टेरिफाइंग' म्हणा.