'सकादा' म्हणजे गिरमिटिया की ऊसतोड कामगार?

प्रश्न असा आलाय की हवाई बेटांवरच्या फिलिपिनो लोकांबद्दलचा एक लेख मराठीत करायचाय, त्यात एक नात सांगते "माझे आजोबा १९४६ साली सकाडा म्हणून कवाईला आले", तर या सकाडाला गिरमिटिया म्हणावं की सरळ ऊसतोड कामगार लिहावं. सकाडा म्हणजे फिलिपीन्समधून भरती होऊन हवाईच्या उसाच्या मळ्यांवर आलेला मजूर, आणि कवाई हे हवाईतलंच एक बेट. मला विचाराल तर दोन्ही नको, शब्द आहे तसाच ठेवा, फक्त ड काढून द करा.

आधी गिरमिटियाचं बघू, कारण पहिल्यांदा तोच सुचतो. गिरमिटिया म्हणजे इंग्रजांच्या राज्यात करार करून फिजी, मॉरिशसच्या मळ्यांवर नेलेले भारतीय मजूर. गिरमिट म्हणजे अ‍ॅग्रीमेंट, आणि त्या कराराला कायद्याचा फास होता, काम सोडून पळालं तर तुरुंग. हवाईतही असलाच कायदा १८५० पासून होता, पण बेटं अमेरिकेने घेतल्यावर १९०० साली तो गेला. पहिले १५ फिलिपिनो आले ते २० डिसेंबर १९०६ला, डोरिक नावाच्या बोटीने, आणि गेले ओलाआच्या साखरमळ्यावर. म्हणजे फास गेल्यावर सहा वर्षांनी. शिवाय तेव्हा फिलिपीन्स अमेरिकेच्याच ताब्यात, त्यामुळे हे लोक धड परदेशी नाहीत आणि धड नागरिकही नाहीत, असे मधल्यामधे. करार होता, तीन वर्षं काम केलं की परतीचं तिकीट मळेवाले देणार असा, पण तो गिरमिट नव्हता. गिरमिटिया लिहिलंत की वाचणाऱ्याला फिजी नि मॉरिशस आठवणार आणि सगळा काळच चुकणार.

आता ऊसतोड कामगार. हा शब्द खूप जवळचा आहे हे मी आधीच कबूल करतो. सकादा हा स्पॅनिश 'साकार' म्हणजे बाहेर काढणे यावरून आला असं सांगतात, गावातून काढून नेलेला माणूस. फिलिपीन्समधल्याच नेग्रोस बेटावर हंगामात शेजारच्या पानाय बेटावरून जे मजूर ऊस तोडायला येतात त्यांनाही सकादाच म्हणतात, त्यांना गोळा करणारा तो कोंत्रातिस्ता आणि तो घरी आधी जे पैसे देतो ते आंतिसिपो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलोच, कारण आमच्या गावाजवळ कारखान्याचा भोंगा झाला की बीडकडच्या टोळ्या उतरतात, त्यांचाही मुकादम असतो आणि त्यांनीही उचल घेतलेली असते, कोप्या पडतात, पहाटे कोयते निघतात. कोंत्रातिस्ताला मुकादम आणि आंतिसिपोला उचल, याहून चोख प्रतिशब्द कुठल्या कोशात मिळणार नाही. नेग्रोसबद्दल लिहीत असाल तर ऊसतोड कामगार खुशाल लिहा.

पण हवाईतला सकादा हंगाम संपला म्हणून घरी गेला नाही, समुद्र मधे होता. तो बहुधा इलोकोसमधून, म्हणजे फिलिपीन्सच्या उत्तरेकडच्या भागातून आलेला, बहुतेक एकटा पुरुष, बांगो नावाचा धातूचा बिल्ला गळ्यात, त्यावर नंबर, पगार आणि दुकानातली उधारी सगळी त्या नंबरावर (बांगो मूळचा जपानी, नंबर या अर्थाचा). वर देखरेखीला लुना, हा हवाईयन शब्द, अर्थच मुळी 'वरचा'. आणि कामं बघा, होले होले म्हणजे पाचट काढणं, हापाई को म्हणजे मोळ्या वाहणं, 'को' म्हणजे ऊस. पाचट नि मोळी हे शब्द लेखात जरूर वापरा, 'उसाची वाळलेली पानं सोलणे' असलं काही लिहू नका, आपल्याकडे एका शब्दात होतं ते.

आणि मग या लोकांनी संप केले. १९२४च्या संपात कवाईवरच्या हानापेपेला ९ सप्टेंबरला १६ संपकरी आणि ४ पोलीस मेले. १९४६ला शेवटची मोठी भरती झाली, सुमारे ६,००० पुरुष, यावेळी काही बायकापोरंही, लेखातले आजोबा त्यातलेच. आज हवाईत जवळजवळ दर चौथा माणूस फिलिपिनो वंशाचा आहे, २० डिसेंबर हा तिथे कायद्याने सकादा दिन आहे, आणि मळे मात्र संपले, शेवटचा माउई बेटावरचा २०१६ला बंद पडला. म्हणजे नेग्रोसमधे जो शब्द अजून हातातोंडाच्या गाठीचा आहे तोच हवाईत नातवंडं अभिमानाने सांगतात, आमचे आजोबा सकादा होते म्हणून. ऊसतोड कामगार लिहिलंत की काम कळेल, पण नातीच्या आवाजातला तो मान निघून जाईल, आणि ते मला फार वाईट वाटेल.

आता लिहायचं कसं. स्पॅनिशातला द आपल्या दातातला द आहे, इंग्रजीतून वाचल्यामुळे ड होतो, म्हणून सकादा. अनेकवचन सकादे करू नका, दादा काका मामा जसे तसेच राहतात तसं दोन सकादा, सकादांनी, सकादांचा. पुढे कुठे 'मानोंग' आलं तर तो इलोकानोतला, म्हणजे इलोकोसच्या भाषेतला, मोठा भाऊ, स्पॅनिश एर्मानोवरून, हवाईत वयाने मोठ्या फिलिपिनो माणसाला तसंच हाक मारतात, तिथे बिनधास्त दादा किंवा अण्णा करा, आणि 'मानांग'ला ताई. हाकेचा शब्द आपला घातला तर चालतो, ओळखीचा शब्द त्यांचा राहू द्या.

तर वाक्य असं करा: "माझे आजोबा १९४६ साली सकादा म्हणून, म्हणजे उसाच्या मळ्यावर भरती होऊन, कवाईला आले." पहिल्यांदा एवढा खुलासा पुरे, नंतर नुसतं सकादा.